दोन कार्डांचं एक नाव

“...मग ह्यातलं पहिलं कुठलं?” गिरीबाबांनी विचारलं.

विश्वंभर माळवदेनं मशीनच्या पाठीमागच्या, वायर खुपसायच्या दोन भोकांकडे बोट केलं. “डावीकडचं. उजवीकडचं दुसरं.”

“कुणी ठरवलं?”

“मशीननंच.”

“रोज तेच ठरवतं?”

तेच तर दुखणं होतं.

येरळा नदीकाठच्या मठात, पडवीच्या कोपऱ्यात मी शेंगा फोडत बसलो होतो, म्हणून हे माझ्या कानांवर पडलं. गिरीबाबा भगवी घालण्याआधी एका बँकेच्या कॉम्प्युटरखोलीत होते. त्यांनी ते काम सोडलं, पण लोक काही त्यांना सोडत नाहीत. कुणी मन घेऊन येतं, कुणी मशीन.

विश्वंभरनं हे मशीन, म्हणजे विट्याच्या घरातला सर्व्हर, चादरीत गुंडाळून आणलं होतं. त्या घरात त्याचे वडील, तात्या, एकटे राहायचे. हा पुण्याला. तात्यांचा विसराळूपणा पार पुढे गेलेला. सकाळ-संध्याकाळ एक बाई यायची, मधली दुपार या सर्व्हरच्या भरवशावर. घरात कॅमेरे, एक स्पीकर, आणि दार उघडलं की पुण्यात याचा फोन वाजायचा. म्हातारं माणूस सांभाळायची ही नवी तऱ्हा. मला ती पटत नाही, पण मला विचारतो कोण!

“नेटवर्कची दोन कार्डं आहेत,” विश्वंभर म्हणाला. “एक घरातल्या कॅमेऱ्यांकडे, एक बाहेर इंटरनेटकडे. वीज जाऊन आली की जे कार्ड आधी जागं होतं, ते पहिलं नाव घेतं. मग सर्व्हर कॅमेरे बाहेर शोधतो आणि इंटरनेट घरात.”

“मग तू काय केलंस?”

“नियम लिहिला. उजवीकडचं आधी जागं झालं तरी डावीकडच्यालाच पहिलं म्हणायचं.”

“आणि पहिल्या नावावर उजवीकडचं आधीच बसलेलं असलं तर?”

“...तर नाव बदलत नाही. सगळं अडकतं.”

“हे ठाऊक होतं?”

“बाबा, मी कंपनीत इतकी वर्षं हेच काम करतो. माझ्या हाताखाली माणसं आहेत.”

“ठाऊक होतं का, ते विचारलं.”

“...घाईत होतो.”

“कुठं बसून केलंस?”

“पुण्यात. ऑफिसमधून.”

बाबांनी डोळे मिटले.

या धंद्यातला माणूसच ही चूक करू जाणे. ज्या वाटेनं मशीनपर्यंत पोचायचं, ती वाट त्याच वाटेवर उभं राहून खणायची. घरात बसून केलं असतं तर निदान पडदा जोडून बघता आलं असतं. लांबून केलं की मशीन तिकडे मुकं आणि माणूस इकडे.

बाबांनी मशीनचं झाकण काढलं. कार्डावर चिकटवलेल्या बारीक आकड्यावर नख ठेवलं.

“वाच.”

विश्वंभरनं वाचला.

“हा बदलतो?”

“नाही. कारखान्यातून येतो.”

“कार्ड आधी उठलं, नंतर उठलं, दुसऱ्या खाचेत बसवलं, तरी?”

“तरी नाही.”

“मग ह्याच्यावरनं ओळख की लेका. आणि पहिलं-दुसरं कशाला पाहिजे? दोघांत एकच पाट ठेवलास तर भांडणं होणारच. नवी नावं दे.”

मठात एक जुना पडदा आणि कीबोर्ड होता. विश्वंभरनं स्वतःच लिहिलं. हा आकडा दिसला की त्या कार्डाचं नाव ‘घर’, तो दिसला की ‘दार’. सर्व्हरच्या बाकीच्या सेटिंगमध्येही तीच नावं घातली.

बाबांनी विजेची वायर उपटली. परत लावली. दोन्ही नावं आपापल्या जागी आली. पुन्हा उपटली, पुन्हा लावली. पुन्हा तेच.

“झालं,” बाबा म्हणाले.

माणूस सुटकेचा श्वास टाकेल असं मला वाटलं. यानं उघड्या मशीनवर कपाळ टेकलं आणि हमसाहमशी रडायला लागला.

“एवढंच होतं... एवढंसंच काम होतं, बाबा.”

बाबांनी त्याला रडू दिलं. मग विचारलं, “पुण्यातनं हे केलंस, त्या दुपारी काय झालं?”

“नियम चालवला, मशीन रीस्टार्ट केलं, ते परत आलंच नाही. बाईंचा फोन लागेना. मी गाडी काढली. विट्याला पोचेपर्यंत दिवस कलला होता. दार सताड उघडं. तात्या कालव्याच्या कडेला सापडले. उन्हात बसलेले, पायात चप्पल नाही.”

“जिवंत?”

“जिवंत. पण तेव्हापासून बोलत नाहीत. घास भरवावा लागतो. दाराकडं तोंड करून बसतात नुसते. डॉक्टर म्हणतात, शरीराला काही झालेलं नाही.”

“सर्व्हर बंद पडायच्या आधी तात्या काय म्हणाले?”

विश्वंभर चादरीचं टोक पिळत राहिला.

“कॅमेऱ्यासमोर उभे होते. मला सदू म्हणत होते.”

“सदू कोण?”

“त्यांचा धाकटा भाऊ. मी शाळेत असतानाच गेला. दोघं मिळून रानात पाणी पाजायचे.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘सदू, चल की. कालव्याला पाणी सुटलंय.’”

“तू काय म्हणालास?”

“जे खरं ते. स्पीकरवरून सांगितलं, तात्या, सदूकाका कधीच वारले. मी विश्वंभर.”

“पहिल्यांदाच सांगितलंस?”

“नाही...”

“मग?”

“रोज सांगायचो. मला वाटायचं, सांगून सांगून लक्षात राहील. पण ते रोज पहिल्यांदाच ऐकायचे. रोज रडायचे.”

माझा हात शेंगांवरच थांबला. मला त्या माणसाचा भयंकर राग आला. रोज दुपारी एका म्हाताऱ्याचा भाऊ नव्यानं मारायचा, आणि वर त्याला खरं बोलणं म्हणायचं! पण त्याच्याकडे बघितलं तर तोंड पांढरंफटक पडलेलं. मग रागही धड करता येईना.

“त्या दिवशीही रडले?” बाबांनी विचारलं.

“नाही. त्या दिवशी म्हणाले, ‘खोटं बोलू नको. कालव्यावरच असंल तो.’ ...मला मीटिंग होती. मी आवाज बंद केला आणि नियम चालवला.”

नदीपलीकडं कुणीतरी पंप चालू केला.

“आता मी विट्यालाच राहतोय,” विश्वंभर म्हणाला. “रजा टाकलीय. मशीन नीट झालं म्हणून काय? काय बघू त्यात? समोर बसून हाका मारतो, तात्या, तात्या... मान वळत नाही. भिंतीशी बोलावं तसं. मी पोटचा पोरगा आहे, बाबा. तेवढं तरी त्यांना कळायला नको?”

बाबांनी मशीनचं झाकण बसवलं.

“मी त्यांचा कोण आहे, हेच आता राहिलेलं नाही. सगळं संपलं. मीच संपवलं.”

मला वाटलं, आता बाबा काहीतरी धीराचं बोलतील. दुसऱ्या कुणालाही बोलले असते.

त्यांनी झाकणाचे स्क्रू आवळले, चादर गुंडाळून गाठ मारली आणि बोचकं त्याच्या हातात दिलं. विश्वंभर वाकून पाया पडला आणि पायऱ्या उतरायला लागला. चाल अशी, की मयत पोचवून परत निघालाय.

“सदू त्यांना काय म्हणायचा रे?” बाबांनी मागून विचारलं.

विश्वंभर थांबला. आठवायला त्याला वेळ लागला.

“...अण्णा.”

“मग जा. आणि दारातनं तात्या म्हणून हाक मारू नको.”