ठाणाईच्या भिंतीवरली कोरी जागा

सावरखोलला ठाणाईच्या देवळात गेलात, की डाव्या हाताची भिंत बघा. अख्खं गाव तिथं रंगवलेलं आहे, शिवार, ओढा, पाणंद, चिंचेखालचा पार. फक्त वर, बहिरीच्या डोंगराच्या अंगाला, तळव्याएवढी जागा कोरी आहे. तिथं रंग पुरला नसेल, असं काही हुशार पाहुणे सांगून जातात. जाऊ द्या, त्यांना एसटी गाठायची असते.

फार पूर्वी गावात सुभाना चितारी राहायचा म्हणे. त्याच्या पायाला भिंगरी होती. ज्या जागेचं चित्र काढायचं तिथं आधी चालत जायचं, तिथली मूठभर माती आणायची, पाट्यावर वाटून डिंकात कालवायची आणि त्याच मातीनं ती जागा रंगवायची, असा त्याचा नेम. मळ्याची काळी, बांधावरची तांबडी, दरडीची पांढरी. त्याची बायको चिमणा म्हणायची, आमच्या घरात धान्याची मडकी कमी आणि मातीची जास्त.

त्या सुमाराला सावरखोल आणि डोंगरापलीकडची पेढेवाडी यांच्यात हाडवैर पेटलं होतं. उन्हाळ्यात टिकणारा झरा एकच, डोंगरमाथ्यावरचा. तो शिवेच्या कुठल्या बाजूला उगवतो यावरून डोकी फुटली होती. शेवटी दोन्हीकडच्या पाटलांनी ठाणाईसमोर बेलभंडारा उचलला. सुभानानं शीव चालून भिंतीवर काढावी आणि ती दोन्ही गावांनी मानावी. हा माणूस सावरखोलचा असला तरी खोटी रेघ ओढत नाही, एवढा विश्वास पेढेवाडीलाही होता. जत्रेच्या दिवशी निवाडा ठरला.

सुभाना महिनाभर चालला. शेवटी राहिला झरा, आणि नेमका तेव्हाच टाचेत बाभळीचा काटा मोडला. जत्रा चार दिवसांवर आलेली, पाटलाची माणसं दारात बसलेली. झरा आपल्याच अंगाला आहे, हे गावात शेंबडं पोरही सांगत होतं. सुभानानं ओढ्याकाठची माती कालवली, झरा शिवेच्या अलीकडे काढला आणि मोकळा झाला. गावानं गूळ वाटला.

सगळी भिंत वाळली. झरा काही वाळेना. असं सांगतात, की दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर ओला, तिसऱ्या दिवशीही ओलाच. सुभानाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. जेवायला बसला की उठे, देवळात जाऊन बोट लावून बघे, परत येई, पुन्हा जाई. चिमणा विचारी, तर काही नाही म्हणे. अख्ख्या भिंतीत त्याचा पाय न लागलेली तेवढी एकच जागा होती, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

जत्रेच्या सकाळी तो लंगडत डोंगर चढला. झुडपांत बुजलेला शिवेचा जुना दगड त्यानं हुडकून काढला. झरा त्या दगडापासून वीस पावलं पलीकडे, पेढेवाडीच्या हद्दीत उगवत होता. सुभाना तिथं बसून रडला. खरं सांगावं तर आपलंच गाव तहानेनं मरणार, आणि गप्प राहावं तर पुढं कुठल्याही भिंतीला कोणत्या तोंडानं हात लावायचा?

दोन्ही गावं देवळात जमली. सुभाना भिंतीपाशी गेला आणि त्यानं ओला झरा तळव्यानं पुसून टाकला.

"तितं माजं पाऊल पडलं नव्हतं," तो म्हणाला. "आज पडलं. पाणी पेढेवाडीचं हाय."

सावरखोलच्या पाटलानं त्याला जागच्या जागी वाळीत टाकलं. माणसं अंगावर धावली. त्या गोंधळात चिमणा उठली, घरून रिकामी घागर घेतली आणि सगळ्यांदेखत डोंगर चढून झऱ्यावर जाऊन उभी राहिली. पाण्याला मात्र तिनं हात लावला नाही. पेढेवाडीचा म्हातारा पाटील धापा टाकत मागोमाग आला. भरायचं सोडून नुसतीच का उभी, असं त्यानं विचारलं.

"इतकी वर्सं आपलं म्हणून भरलं," चिमणा म्हणाली. "आज मागाया आले. द्याल का?"

म्हाताऱ्यानं घागर तिच्या हातातून घेतली, स्वतः वाकून भरली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. मग सावरखोलच्या बायका एकामागून एक वर आल्या. वाळीत टाकलेल्या घरच्या पुण्याईवर त्या उन्हाळ्यात गाव पाणी प्यालं, आणि वाळीत टाकण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

आजही भिंत उजळायची तर चितारी आधी शीव चालतात, माती आणतात, मगच कुंचला उचलतात. जत्रेच्या दिवशी त्यांच्या घरची सून घागर घेऊन झऱ्यावर उभी राहते आणि पेढेवाडीचं कुणीतरी येऊन ती भरून देतं. आता काढा की हो झरा भिंतीवर, आम्ही काही म्हणत नाही, असं पेढेवाडीकर दरवर्षी सांगतात. सून हसते आणि रिकामी घागर पुढे करते.