इटुकी पाल आणि लाल दिवा

ही भिंत. भिंतीवर डबा. डब्यामागे कोण?
इटुकी!

इटुकी पालीचं पिल्लू. शलूच्या करंगळीएवढं. तिचं घर कुठे? शलूच्या खोलीत, वाय-फायच्या गोल डब्यामागे.

डब्यावर निळा दिवा. रोज संध्याकाळी निळ्या दिव्यापाशी चिलटं यायची. गुणगुण गुणगुण! इटुकी जीभ काढायची. गट्टम! गट्टम!

रोज संध्याकाळी शलूची आईसुद्धा फोनवर यायची. आई परगावी कामाला. फोनमध्ये आई हसायची, शलू हसायची.

आज काय झालं?
निळा दिवा गेला. लाल दिवा आला. लाल डोळा उघडला. लाल डोळा मिटला. उघड, मीट. उघड, मीट.

चिलटं आली नाहीत. आईसुद्धा आली नाही. फोनवर नुसतं चाक फिरतंय. गोल गोल, गोल गोल. शलू उशीत तोंड लपवून बसली.

इटुकी घाबरली. पोटात धडधड, शेपटीत थरथर.
"डबेदादा, डबेदादा, निळा हो ना! डबा निळा होईना, चिलटं येईनात, मी काय खाऊ?"
डबा म्हणाला, "मी नाही! वायर मला निरोप देत नाही. जा, वायरला सांग."

इटुकी निघाली. सरसर सरसर, भिंतीवरून. पोटात धडधड, शेपटीत थरथर.
भिंतीत होती लांब वायर. जुनी, पिवळी.
"वायरताई, वायरताई, निरोप दे ना! वायर निरोप देईना, डबा निळा होईना, चिलटं येईनात, मी काय खाऊ?"
वायर म्हणाली, "मी नाही! खालची पेटी मला धड बोलू देत नाही. जा, पेटीला सांग."

खाली? जिन्याखाली? तिथे तर अंधार!
इटुकी निघाली. सरसर सरसर, जिन्यावरून. पोटात धडधड, शेपटीत थरथर.

जिन्याखाली कपाट. कपाटात काळोख. काळोखात आठ भोकांची पेटी. घरातल्या सगळ्या वायरी तिच्यात खोचलेल्या. पेटीचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. लुकलुकलुकलुकलुक!
"पेटीमावशी, पेटीमावशी, शांत हो ना! पेटी थांबेना, वायर निरोप देईना, डबा निळा होईना, चिलटं येईनात, मी काय खाऊ?"
पेटी ओरडली, "मी नाही! मला गरगरतंय! ती बघ काळी वायर. तिची दोन्ही तोंडं माझ्यातच! मी बोलते, ते मलाच ऐकू येतं. पुन्हा बोलते, पुन्हा मलाच! गरगर गरगर! जा, काळीला सांग."

काळी वायर आखूड होती. सापासारखी वेटोळं करून बसली होती. इटुकी जवळ गेली. पोटात धडधड, शेपटीत थरथर.
"काळूताई, काळूताई, सूट ना! काळी सुटेना, पेटी थांबेना, वायर निरोप देईना, डबा निळा होईना, चिलटं येईनात, मी काय खाऊ?"
काळी म्हणाली, "मी नाही! माझ्या तोंडाला खटका आहे. तो बोटाने दाबावा लागतो. तुझं बोट केवढंसं! जा, बाबांना सांग."

बाबा? बाबांच्या हातात तर झाडू असतो!
इटुकी थांबली. मागे बघितलं. वरच्या खोलीच्या दारातून लाल डोळा बघत होता. उघड, मीट. उघड, मीट.
इटुकी निघाली. सरसर सरसर, फरशीवरून.

बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी सगळं दोनदा बंद केलं होतं. दोनदा चालू केलं होतं. तरी दिवा लालच!
"बाबा, बाबा, खटका दाबा ना! बाबा खटका दाबेनात, काळी सुटेना, पेटी थांबेना, वायर निरोप देईना, डबा निळा होईना, चिलटं येईनात, मी काय खाऊ?"
"अरे बापरे! पाल!" बाबांनी पाय वर घेतले.
इटुकी टेबलाखाली लपली. बाबा खुर्चीवर उभे राहिले. दोघांच्याही पोटात धडधड!

मग बाबा हळूच म्हणाले, "काळी वायर? सकाळी मी जिन्याखाली झाडलं. तिचं एक तोंड लोंबत होतं. मीच ते पेटीत खोचलं! पण तिथे काळोख आहे गं. दिसायचं कसं? शलूने बॅटरी धरली तर दाबतो."

इटुकी वर गेली. सरसर सरसर.
"शलू, शलू, बॅटरी धर ना! शलू बॅटरी धरेना, बाबा खटका दाबेनात, काळी सुटेना, पेटी थांबेना, वायर निरोप देईना, डबा निळा होईना, चिलटं येईनात, मी काय खाऊ?"
शलूने उशीतून एका डोळ्याने बघितलं.
"मी नाही! जिन्याखाली भीती वाटते. कोणी पुढे चाललं, तरच मी येणार."

पुढे कोण चालणार? डबा? तो खिळ्याला टांगलेला. वायर? ती भिंतीत अडकलेली. बाबा? ते खुर्चीवर!
उरली कोण? इटुकी.
पोटात धडधड, शेपटीत थरथर. ती म्हणाली, "मी चालते पुढे."

पुढे इटुकी, सरसर सरसर.
मागे शलू, टप टप टप.
मागे बाबा, हळू… हळू… हळू…

कपाट उघडलं. कर्रर्र!
मग काय झालं?
शलूने बॅटरी धरली.
बाबांनी खटका दाबला. टक्!
काळी सुटली.
पेटी थांबली. लुक… लुक… लुक…
वायरने निरोप दिला.
आणि डबा? लाल… लाल… लाल… निळा!

फोन वाजला. टिर्रर्र टिर्रर्र! शलू धावत वर गेली.
"शलू! कुठे होतीस गं? मी किती वेळ फोन लावतेय!" आई म्हणाली.
"जिन्याखाली! काळोखात! इटुकी पाल माझ्यापुढे चालली."
"एवढीशी पाल? घाबरली नाही ती?"
"खूप घाबरली होती," शलू म्हणाली. "तरी चालली."

डब्यापाशी चिलटं आली. गुणगुण गुणगुण! इटुकीने जीभ काढली. गट्टम! गट्टम! गट्टम! पोट झालं टम्म.

गोष्ट गेली भिंतीवर,
झोप आली डोळ्यांवर.