पिशवीतलं अंजन

झाडांचं बोलणं माणसांना कळायचं, तेव्हाची ही गोष्ट. खडकाळ माळावर अंजनाच्या झाडांतली एक म्हातारी उभी होती. तिच्या दोन शेंगा वाऱ्यावर उडाल्या. धाकटी खडकाच्या भेगेत रुजली. थोरली माळ्यानं उचलून पिशवीत लावली आणि तिला रोज दोन वेळा पाणी घातलं.

पुढच्या पावसाळ्यात माळी थोरलं रोप माळावर लावायला घेऊन आला. ते कमरेएवढं झालं होतं.

"आई, ओळखलंस का? आणि हे धाकटं एवढंसंच? उपाशी ठेवतेस वाटतं!"

"तोंड आवर. मूळ किती खोल गेलंय ते सांग."

"खोल कशाला? पाणी वरनंच मिळतं की! पिशवीच्या बुडाशी गोल गोल फिरलंय."

म्हातारी माळ्यावर ओरडली, "अरे मेल्या, पिशवी फाड! वेटोळं सोडव, मग लाव!"

"गप गं म्हातारे, माती सांडेल," म्हणत त्यानं रोप पिशवीसकट खड्ड्यात पुरलं, हात झटकले आणि गेला तो गेलाच.

चैत्रात माळ तव्यासारखा तापला. "आई, पाणी कधी येणार गं?" थोरलं रोज विचारी. म्हातारीकडे नुसती सावली, तीही तिथवर पोचेना. एका सकाळी त्यानं विचारलं नाही.

धाकट्याचं मूळ खडकाखालच्या ओलीला लागलं होतं. त्याला नवी पानं फुटली, पण म्हातारीनं कौतुक केलं नाही.

वैशाखात माळी नव्या पिशव्या घेऊन आला आणि तिच्याखाली वाट बघत बसला. वारा खडकाकडे वळेपर्यंत म्हातारीनं एकही शेंग सोडली नाही.