राजाची रुसलेली सावली

गप पडा आता. पाय आवर रे, गोष्ट सांगतोय.

एक होता राजा. नाव भूपाळसिंग. राजा होता, पण शहाणा नव्हता. असं असतं बरं का. एकदा काय झालं, सकाळी उन्हात उभा राहिला, तर सावलीच नाही! घोड्याची पडली, भालदाराची पडली, राजाची नाही. आणि दसरा तोंडावर. दसऱ्याला राजानं पुढं होऊन शीव ओलांडायची. लोक कुजबुजले, "बिनसावलीचा म्हणजे भूतच. याच्या मागं कोण जाणार? दुसरा राजा बघू."

मग राजा धावला टेकडीवरच्या गोसाव्याकडं. गोसावी म्हणाला, "योगाला बस. मांडी घाल, डोळे मीट, श्वासाकडं बघ. कारण आतच सापडेल."

राजाला वाटलं, भटजीकडून अभिषेक करवून घेतात, तसंच हे. त्यानं प्रधानाच्या हातावर नारळ ठेवला. म्हणाला, "माझ्या नावानं तुम्ही बसा." प्रधान बसला. फळ प्रधानाला मिळालं. त्याची सावली हत्तीएवढी झाली!

मग राजा स्वतः बसला. पण कसा? भर चौकात, गादीवर, पुढं ताशा. एक डोळा उघडा, कोण बघतंय म्हणून. सावली वेशीपर्यंत आली, तमाशा बघून माघारी गेली.

दसऱ्याच्या सकाळी राजा हबकला. परसात गेला, एकटाच भुईवर बसला. श्वास आत, श्वास बाहेर. मुंगी चावली. राग आला. पण उठला नाही, रागाकडंच बघत राहिला. मग त्या रागात त्याला स्वतःचा पाय दिसला. सावली गेली त्याच्या आदल्या दिवशी त्याच पायानं त्यानं राहीला लाथ मारली होती. राही म्हणजे त्याची म्हातारी दाई. दूध गार दिलं म्हणून! जिनं चालायला शिकवलं तिला!

शेजारून आवाज आला, "लाथ तू मारलीस. पाय मलाही उचलावा लागला. म्हणून गेले."

सावलीच ती.

राजा तडक राहीकडं गेला. पायाशी बसला. "चुकलो, दाई."

"चुकलासच मेल्या," म्हातारी म्हणाली. "ऊठ आता, शीव ओलांडायचीय ना? धडपडू नको."

दुपार कलली. राजा निघाला. पायाला पाय लावून सावली चालली, लांबच लांब. मागं सगळं गाव.

पुढं राजा रोज बसायचा. राग यायचाच, राग कुठं जातो? पण पाय भुईवर राहायचा. सगळी सुखात राहिली.

तुम्हीही मिटा डोळे. श्वास आत, श्वास बाहेर...

कोण रे तो, एक डोळा उघडून बघतोय?