सात अडसरांची खोली

एका राज्यात राजाला झोपलेला पाहायची मनाई होती. जो पाहील त्याचे डोळे जातील, असा शाप होता. शाप चार पिढ्या जुना. म्हणून राजाच्या शेजघराला सात अडसर, आणि सातही आतून. राजानं रात्री स्वतः एकेक घालायचा, सकाळी स्वतः एकेक काढायचा. राणीनंसुद्धा निजायला दुसऱ्या महालात जायचं. मग या घराण्याला पोरं कशी झाली, असं कुणी विचारेल. झोपायच्या आधी राजा जागा असतोच की!

महीधर राजा एका सकाळी बाहेर आलाच नाही. हाका मारल्या, नगारा वाजवला. शेवटी सुतारांनी कुऱ्हाडी घातल्या. सात अडसर तोडेपर्यंत दुपार झाली. राजा पालथा पडला होता, तोंड उशीत, अंग गार. राजवैद्य नाडी धरून म्हणाले, "महाराज गेले." ते दारातल्या कुत्र्यालाही कळलं होतं.

दरबारानं सुतक पाळलं, दार दुरुस्त केलं, अडसर पुन्हा सात बसवले. मग महीधराच्या पाठच्या भावाला, शशिधराला, गादीवर बसवलं आणि रात्री त्याच खोलीत पाठवलं.

वर्ष गेलं. एका सकाळी शशिधर उठला तर जीभ चावलेली, उशीवर रक्त, अंथरूण ओलं. खांदे असे दुखत होते की जणू रात्रभर कुणी झोडपलंय. आठवत काहीच नव्हतं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग आठ दिवसांनी. तेव्हा त्याला थोरल्या भावाची आठवण झाली. महीधरही काही सकाळी नुसतं गार दूध पीत असे आणि कुणाशी बोलत नसे. शशिधर समजला. जे महीधराला गाठून गेलं, तेच आता आपल्या अंथरुणाशी आलं आहे.

त्यानं पहारेकऱ्याला बोलावलं. म्हणाला, "आज रात्री आत बस. मला काय होतं ते बघ."

पहारेकरी म्हणाला, "महाराज, मान मागा, देतो. डोळे नका मागू. घरी म्हातारी आहे."

राजवाड्यामागच्या माळावर एक टिटवी होती. त्या राज्यात पाखरं बोलत, त्याचं कुणाला काही वाटत नसे. टिटवी म्हणाली, "राजा, मी पाय वर करून झोपते. आभाळ पडलं तर झेलायला. सगळा मुलूख मला हसतो. मी कधी दार लावलंय?"

राजा म्हणाला, "तुला हसणारे आंधळे होत नाहीत."

"तर मग शाप देणाऱ्याकडे जा. भस्मकंठ मांत्रिक अजून जिवंत आहे, तीन डोंगरांपलीकडे. वाट मी दाखवते."

राजा गेला. भस्मकंठ गुहेच्या तोंडाशी वांगं भाजत बसला होता. त्याचं वय कुणाला ठाऊक नव्हतं. राजानं हात जोडले. "बाबा, शाप मागे घ्या."

"माझ्यानं नाही व्हायचं. तीन कामं कर, मग आपोआप जाईल. पहिलं, तुझी झोप ज्याला ठाऊक आहे, असा एक जिवंत माणूस शोध. दुसरं, नागाच्या झाडाचं कडू पान आण. तिसरं काम त्यानंतर सांगेन."

"माझी झोप ठाऊक असलेला? तो आंधळा झाला असेल."

"शोध," मांत्रिक म्हणाला आणि वांग्याचं साल काढू लागला.

राजानं महिनाभर शोधलं. दासी, आचारी, चवरीवाले, सगळे कानांवर हात ठेवत. शेवटी टिटवीच म्हणाली, "अरे शहाण्या, तुझ्या चादरी कोण धुतं?"

राजाच्या चादरी धुवायचा एक रिवाज होता. परटिणीनं त्या उजाडायच्या आत, वेगळ्या घाटावर धुवायच्या आणि घरात, अंधारात वाळत घालायच्या. उन्हात कधी नाही. का, ते कुणी विचारलं नव्हतं. भागाई परटीण सत्तर वर्षांची होती. हे काम तिच्या आजीपासून चालत आलेलं.

राजा तिच्या खोपटाशी गेला. म्हणाला, "भागाई, माझी झोप तुला ठाऊक आहे?"

"तुमची ठाऊक आहे, महीधर महाराजांची होती, तुमच्या वडिलांचीही होती. रक्त कुठं, ओल कुठं, कापड कुठं फाटलं, चादर सगळं सांगते. ही आकडी आहे महाराज. झोपेतली आकडी."

"मग बोलली का नाहीस?"

"परटिणीला कोण विचारतं?"

तेवढ्यात आतून एक तरणी बाई बाहेर आली, कडेवर लेकरू घेऊन. भागाई म्हणाली, "ही माझी धाकटी लेक, रखमा. हिलाही येते, लहानपणापासून. आम्ही सगळी अंगाला अंग लावून झोपतो. हिचं अंग ताठलं की कुणीतरी जागं होतं, हिला कुशीवर करतं. आमच्या खोपटाला दारच नाही महाराज, म्हणून ही जगली."

राजाला फोडलेलं दार आठवलं.

पहिलं काम झालं.

नागाचं झाड बारा कोसांवर होतं. झाडाखाली सोन्याची रास होती आणि राशीभोवती तीन दगडी माणसं होती, हात पुढे केलेली. नाग म्हणाला, "सोनं घे, नाहीतर पान घे. सोन्याला हात लावलास तर चौथा होशील."

"पान घेतलं तर काय होईल?"

"रोज एक, ठरल्या वेळेला. महिन्यानं लागू पडेल. आकडी कमी येईल. कदाचित थांबेल, कदाचित नाही. मी नाग आहे, देव नाही."

"किती दिवस खायचं?"

"जगायचे तितके."

"चव कशी आहे?"

"वाईट," नाग म्हणाला.

राजानं पानांची फांदी घेतली. सोन्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही. मरणाची भीती असली की माणूस आपसूक साधू होतो.

दुसरं काम झालं. राजा पुन्हा गुहेशी गेला.

भस्मकंठ म्हणाला, "आता ऐक. दोन रात्री जाग. तिसऱ्या दिवशी भर दुपारी बाजाराच्या पारावर, सगळ्या गावासमोर झोप."

राजा चिडला. "गावातल्या सगळ्यांचे डोळे घालवू? असला शाप आमच्या घराण्याला दिलातच का?"

"मी कशाला देऊ? तुझा पणजोबा वज्रधर माझ्याकडे आला. त्यालाही आकडी येई. मी म्हटलं, पान घे, सोबतीला माणूस ठेव. तो म्हणाला, ते नको, कुणी पाहू नये एवढं करा. पाय धरून मागून घेतला त्यानं शाप. लाज झाकायला दार मागितलं आणि त्या दाराआड पणतू मेला. आता तू जा, वांगं करपतंय."

राजा दोन रात्री जागला. तिसऱ्या दिवशी बाजाराच्या पारावर पथारी टाकली. दवंडी ऐकून सगळं गाव जमलं आणि सगळ्या गावानं पाठ फिरवली. कुणी डोळ्यांना फडकं बांधलं, कुणी टोपलं डोक्यावर घेतलं. प्रधानजींनी पगडीच नाकापर्यंत ओढली. भागाई मात्र राजाच्या उशाशी, राजाकडे तोंड करून बसली.

राजाला झोप लागली. घटकाभरानं त्याचं अंग ताठलं, दात आवळले, हातपाय झटके देऊ लागले. आवाज ऐकून प्रधानजी पगडीआडून ओरडले, "लोखंडाची किल्ली तोंडात घाला! वहाण हुंगवा! हातपाय दाबून धरा!"

भागाई म्हणाली, "खबरदार, कुणी हात लावाल तर! दात पडतील, हाड मोडेल." तिनं राजाच्या कमरेची कट्यार काढून लांब ठेवली, डोक्याखाली घडी केलेली चादर सरकवली, गळ्याची कंठी सैल केली आणि झटके ओसरू लागताच त्याला कुशीवर वळवलं. ओठ हलवत ती मोजत होती.

"काय मोजतेस गं?" प्रधानजींनी विचारलं.

"आपट. एक चादर धुवायला दगडावर शंभर आपट लागतात. आकडी एका चादरीत थांबली तर भिऊ नये. दुसरी चादर संपली तरी थांबली नाही, तर वैद्याला पळत आणावा. आमच्या घरात हेच माप आहे."

ऐंशीव्या आपटीला आकडी थांबली. राजा घोरू लागला.

बाजारात कुणी वळून पाहीना. अखेर एक बाई टोपल्याखालून म्हणाली, "भागाई, गेले का गं डोळे?"

"दिसतंय की," भागाई म्हणाली. "प्रधानजींची पगडी उलटी आहे."

आधी एक हसला, मग चार हसले. फडकी सुटली, टोपली उतरली. सगळ्या गावानं वळून राजाला पाहिलं. एक दमलेला माणूस कुशीवर झोपला होता, ओठाला थोडं रक्त होतं. कुणाचेही डोळे गेले नाहीत. त्याच क्षणी राजवाड्यात सात अडसर आपोआप गळून पडले.

राजा उठला तेव्हा त्याला काही उमगेना. भागाईनं त्याला पाणी दिलं. सांगितलं, "आकडी आली होती. ऐंशी आपट. आता पडून राहा."

"सगळ्यांनी पाहिलं?"

"पाहिलं."

"मग?"

"मग काय? ऊन कलल्यावर बाजार उठेल."

त्या दिवसापासून राजा रोज तिन्हीसांजेला एक पान खातो आणि तोंड वाकडं करतो. आकडी वर्षातून दोनदा येते, कधी येतही नाही. खोलीला आता नुसता पडदा आहे आणि उशाशी कुणीतरी झोपतं. पुढे राजाचं लग्न होऊन राणी आली, तेव्हा तिनं भागाईकडून मोजायला शिकून घेतलं. पहारेकऱ्याच्या म्हातारीनं आपल्या नातवाच्या आकडीची गोष्ट पहिल्यांदा मोठ्यानं सांगितली. मग आणखी चार घरांनी सांगितली.

सात अडसर सागाचे होते, जाड आणि जड. सुतारानं त्यांची धुणं बडवायची सात धोपाटणी करून परीटवाड्यात वाटली.

राजाच्या चादरी आता मोठ्या घाटावर, उजाडल्यावर धुतात आणि राजवाड्याच्या तटावर उन्हात वाळत घालतात. ज्याला पाहायचं असेल त्यानं पाहावं.