म्हातारीच्या थाळीतले दोन बटाटे

समुद्रापलीकडच्या एका डोंगराळ देशात एकदा एक वृद्ध डॉक्टर आपल्या मुलासह पोहोचले. दरवर्षी महिनाभर तिथल्या गोरगरिबांवर ते विनामूल्य उपचार करीत. यंदा त्यांचे हात थरथरू लागले होते, म्हणून शस्त्रक्रियेचं काम मुलाकडे होतं. तो नुकताच डॉक्टर झाला होता आणि वडिलांनाच गुरू मानत होता.

ते एका मेंढपाळाच्या घरी उतरले. सकाळी मेंढपाळाने दोघांपुढे उकडलेले बटाटे ठेवले. मुलाला मडक्याचा तळ दिसत होता. भिंतीशी मेंढपाळाची म्हातारी आई आणि दिवस भरलेली मुलगी बसल्या होत्या. पाहुण्यांचं झाल्याशिवाय त्या जेवणार नव्हत्या. मुलाचं मन कळवळलं. "पोट भरलेलं आहे," असं खोटंच सांगून त्याने आपली थाळी मडक्यात रिकामी केली. वर आपल्याजवळची तांदळाची पिशवी चुलीपाशी ठेवली. मेंढपाळाने तोंड फिरवलं. वडिलांनी मात्र सगळं खाल्लं आणि आणखी एक बटाटा मागून घेतला. मुलाला त्यांची लाज वाटली.

दुपारी मेंढपाळाच्या मुलीला कळा सुरू झाल्या. थोड्याच वेळात सुईण घाबरून बाहेर आली. बाळ आडवं आलं होतं. शस्त्रक्रियेशिवाय दोन्ही जीव वाचणार नव्हते. मुलाने हत्यारांची पेटी उचलली, तोच मेंढपाळ दार अडवून उभा राहिला. वडिलांकडे बोट दाखवून तो काही बोलला. ती भाषा वडिलांना येत होती.

"तो म्हणतोय की मला आत जाता येईल, तुला नाही."

"बाबा, त्याला सांगा, ती मरेल."

"ते त्याला कळतंय. त्याचे डोळे बघ. पण इथे ज्याने घरचं अन्न खाल्लं, तोच घरचा. तू अन्न परत केलंस, आणि त्याच दिवशी वर तांदूळ दिलेस. याचा अर्थ, तुला त्यांच्याशी संबंध नको. असा माणूस बाळंतिणीच्या खोलीत शिरला तर तिचा घात होतो, असं ही माणसं मानतात."

"ही अंधश्रद्धा आहे. बाजूला करा त्याला."

आतून किंकाळी आली. वडिलांनी मेंढपाळाशी वाद घातला नाही. त्यांनी तांदळाची पिशवी उचलून मुलाच्या हातात दिली.

"ही बाहेर आपल्या खेचरावर ठेव. मग चुलीपाशी बस आणि जेवायला माग."

"आत्ता?"

"आत्ताच."

मुलगा बसला. हाताने खुणा करून त्याने जेवण मागितलं. मेंढपाळ कडवट हसला, आणि वडिलांनी त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "राजाघरचं पोर दिसतंय. सकाळी पोट भरलेलं होतं, आता भूक लागली. मडकं रिकामं आहे म्हणावं."

तेव्हा म्हातारी उठली. नातीच्या काळजीने तिने सकाळपासून आपल्या वाट्याला हात लावला नव्हता. तिने ती थाळी मुलापुढे ठेवली. दोन बटाटे होते. मुलाने वडिलांकडे पाहिलं.

"एकही ठेवू नकोस," ते म्हणाले.

मुलगा एकेक घास खात होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि म्हातारी समोर बसून बघत होती. थाळी रिकामी झाल्यावर तिने लेकाचा दंड धरून त्याला दारातून बाजूला केलं.

संध्याकाळपर्यंत बाळ रडून दमलं आणि आईच्या कुशीत झोपलं. बाहेर ओट्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, ती आजी आज माझ्यामुळे उपाशी आहे."

"हो. मलाही ते टोचतंय, आणि टोचायलाच हवं. तांदूळ उद्या देऊ. पण सकाळी तू थाळी परत केलीस ती तिची भूक भागवायला, की तुझी टोचणी थांबवायला? आपण इतक्या लांबून नुसतं द्यायला येतो. ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही, त्याला न बोलता लहान ठरवतो. पोटची पोर तुझ्या सुरीखाली देताना त्या बापाला एवढंच हवं होतं, की तू त्याच्या चुलीवर जेवलेला असावास."

मुलगा हळूच म्हणाला, "माझीच टोचणी होती."

सेवेला निघणाऱ्याने औषधांबरोबर थोडी भूकही सोबत न्यावी.