संगमरवरी तळ्यातली पाणघोरपड

एका खाडीच्या काठी एक राजा राहत होता. माणूस मोठा मायाळू. पण आपल्याला जे आवडतं तेच साऱ्या जगाला आवडतं, अशी त्याची पक्की समजूत.

एकदा उधाणाच्या भरतीत एक पाणघोरपड राजवाड्याच्या घाटावर आली. चांगली दीड पुरुष लांब! काळ्या अंगावर पिवळे ठिपके. शिपाई जागीच थबकले. राजाचे हात आपोआप जोडले गेले. एवढा देखणा जीव त्याने जन्मात पाहिला नव्हता.

"ही आजपासून आमची पाहुणी," तो म्हणाला.

घोरपडीला बागेतल्या संगमरवरी तळ्यात ठेवलं. पाण्यात रोज गुलाबपाणी शिंपडलं जाई. राजवाड्याचा रिवाज असा, की राजाच्या पाहुण्याला राजाच्याच ताटातलं जेवण. आणि राजा तर पक्का शाकाहारी. वाड्यात मासळीचा वासही चालत नसे. मग काय, घोरपडीपुढे रोज केशरी भात आणि श्रीखंड! ती ताटाकडे ढुंकूनही बघेना.

महिन्याभरात तिची हाडं दिसू लागली. राजाला घास गोड लागेना. तिला जगवील त्याला मोठं इनाम, अशी त्याने दवंडी पिटवली. वैद्य आले, हात हलवत परत गेले. शेवटी चांगुणा कोळीण आली. शिपायांनी तिची मासळीची टोपली दारातच ठेवून घेतली.

चांगुणाने तळ्यात डोकावून पाहिलं. "म्हाराज, हिला म्हावरं द्या. भात कशी खाईल ही?"

दरबारी मंडळींनी नाकं मुरडली. राजा मात्र स्वतः दारापर्यंत गेला, टोपलीतला मासा हातात घेऊन आला आणि तळ्यात टाकला. घोरपडीने तो एका घासात गिळला. राजाला आनंदाने रडूच आलं.

"आता रोज मासळी आणा! आता ही कायमची इथंच राहील!"

"राहील की," चांगुणा म्हणाली. "पण त्या भिंती बघा."

राजाने पाहिलं. गुळगुळीत संगमरवरावर चहूबाजूंनी नखांचे ओरखडे होते, शेकडो. रोज तळ्याशी बसूनही ते त्याला दिसले नव्हते. त्याने मान खाली घातली आणि खाडीकडची भिंत फोडायला सांगितली.

घोरपड हळूहळू बाहेर आली. चिखलावर पसरून तिने पोटभर ऊन खाल्लं. मग पाण्यात शिरली, आणि शेपटीच्या एका फटकाऱ्यासरशी अर्धी खाडी कापून गेली. राजा गुडघाभर चिखलात उभा राहून बघतच राहिला.

"चांगुणाबाई," तो म्हणाला, "ही एवढी मोठी आहे, हे मला आज कळलं."

तात्पर्य: ज्याच्यावर माया करायची, त्याला काय हवं ते आधी जाणून घ्यावं. आपल्याला गोड लागतं ते त्याच्या गळी उतरवणं आणि त्याला जवळ कोंडून ठेवणं, ही माया नव्हे.